दारं नसलेली गाडी

बाबा, मागच्या आठवड्यात माझ्या टेबलावर एका मालाचे कागद आले. वर्णनात लिहिलं होतं, मोटारीचे सुटे भाग, घरी जोडणीसाठी, लाकडी खोकी. मी इथल्या नव्या बंदरावर, हमद पोर्टवर, आलेला माल सोडवायचं क्लिअरिंगचं काम करते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा हे बंदर नव्हतंच. आपल्या गाडीची खोकी शहरातल्या जुन्या बंदरावर उतरली होती आणि तुम्ही ऑफिसचा पिकअप घेऊन ती आणायला गेला होतात. ज्याचा हा माल होता त्या माणसाने स्वतः यायची गरज नव्हती, एजंट पाठवला असता तरी चाललं असतं. पण तो आला, आणि सोबत मुलगी. दहा-अकरा वर्षांची असेल. ती माझ्यासमोरच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती आणि बापाला विचारत होती की सगळ्यात आधी कुठलं खोकं उघडायचं. बाप म्हणाला, "तू ठरव." पोरीची नजर माझ्या डाव्या हातावर गेली, तिथेच अडकली, मग तिने शहाण्यासारखी ती दुसरीकडे वळवली. मी त्या माणसाला म्हटलं, एक कागद कमी आहे. कुठलाच कागद कमी नव्हता. तो दोन दिवस तो कागद शोधत फिरला, आणि दोन दिवस त्यांची खोकी यार्डात उन्हात पडून राहिली. तिसऱ्या दिवशी मी सही केली. तो वर माझेच आभार मानून, अरबीत शुक्रन म्हणून गेला. ही असली खोड माझ्यात कुठून आली, याचा विचार करता करता तुमच्यापर्यंत पोचले, म्हणून लिहायला बसले आहे.

मदिनत खलीफातल्या त्या व्हिलाचं स्वयंपाकघर आठवतं मला. कंपनीचं घर, कंपनीचं टेबल. आई गॅसपाशी थालीपीठ थापते आहे आणि तुम्ही टेबलावर तीन रंगीत पुस्तिका पत्त्यांसारख्या मांडता आहात. मी तेरा वर्षांची आहे. तुम्ही म्हणता, "गाडी तुझी आणि माझी. आपण दोघांनी जोडायची. तेव्हा निवडायची तू." मला आजवर कोणी काही निवडायला दिलेलं नाही, शाळेचे बूटसुद्धा तुम्ही आणता. मी तिन्ही पुस्तिका खोलीत नेऊन आठवडाभर वाचते आणि पुढच्या सुट्टीला, शुक्रवारी, मधल्या गाडीवर बोट ठेवते. कारण विचारता तेव्हा सांगते, "इट हॅज डोअर्स." तुम्ही इतके हसता की चहा बशीत सांडतो. "ऐकलंस का गं," तुम्ही आईला म्हणता, "जगात माणसं वाऱ्यावर बसायला गाडी बांधतात आणि हिला दारं हवीत. हिला कपाटच आणून देऊ." आई हसत नाही, थालीपीठ उलटते. मग तुम्ही गंभीर होऊन म्हणता, "मी चूक म्हणत नाही. विचार कर एवढंच म्हणतो." पुढचे तीन शुक्रवार मी विचार करते. दर शुक्रवारी तुम्ही मला एकेक गोष्ट समजावता, वजन, उंची, छताचा सांधा, दारांच्या बिजागऱ्या. तिसऱ्या शुक्रवारी मी त्या उघड्या, जमिनीलगतच्या, बिनदाराच्या गाडीवर बोट ठेवते. तुम्ही विचारता, "नक्की?" मी म्हणते, "नक्की." "मी म्हणतो म्हणून नाही ना?" "नाही." "बघ हं. नंतर म्हणशील बाबांनी लादली." "नाही म्हणणार." त्यानंतर आयुष्यभर तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलंत, आमच्या पोरीची निवड. माझ्याकडून वदवून घेतल्याशिवाय तुमचं समाधान झालं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

नियमही तेव्हाचाच. तुम्ही आठवडाभर प्लांटवर इंग्रजी आणि हिंदी बोलायचात, मी शाळेत इंग्रजी, आणि घरात तुम्ही मराठीत विचारलेल्याला मी इंग्रजीत उत्तर द्यायची, जशी इथली सगळीच मुलं देतात. ते तुम्हाला टोचायचं. खोकी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लागली त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "शेडमध्ये मराठी. इंग्रजी बोललीस तर मला ऐकू येणार नाही." मला वाटलं गंमत आहे. मी इंग्रजीत काही विचारलं की तुम्ही खरंच ऐकू न आल्यासारखे काम करत राहायचात. चेहऱ्यावर काहीसुद्धा उमटायचं नाही. मी पाना मागितला तर पाना नाही, पाणी मागितलं तर पाणी नाही. पत्र्याखाली घाम डोळ्यांत उतरायचा आणि मी शब्द शोधत उभी राहायची. "घट्ट" हा शब्द मला येत नव्हता तेव्हा मी तो बोल्ट धरून किती वेळ बसले होते, तुम्हाला आठवतं का? शेवटी मी म्हटलं, "बाबा, हे फिरत नाही." तुम्ही म्हणालात, "आता कसं!" आणि लगेच वाकून मदत केलीत. माझं मराठी तुम्ही असं सुधारलंत. हे पत्र मी कोणाला न विचारता लिहिते आहे, एवढं श्रेय तुमचं.

तुम्ही नेहमीच वाईट होतात असं लिहिलं तर खोटं होईल, आणि सोपंही. चौदाव्या वाढदिवसाला तुम्ही तुमचा प्लांटवर घालायचा जुना बॉयलर सूट माझ्या मापाचा करून आणलात. कंपनीची पट्टी उसवून टाकली होती, बाह्या कापल्या होत्या, कमरेला ओढून घेतला होता. शिंप्याकडे तुम्ही स्वतः बसून होतात, असं आईने सांगितलं. मी तो दिवसभर घालून फिरले. जेवायलाही तोच घालून बसले. त्याच आठवड्यात इंजिन आणायला आपण इंडस्ट्रियल एरियातल्या भंगारवाल्याकडे गेलो. तो पठाण होता, पांढऱ्या दाढीचा, डोळा बारीक करून हसणारा. मोडक्या जपानी गाड्यांच्या रांगेतून त्याने आपल्याला फिरवलं, आणि मी त्या नव्या पोशाखात तुमच्या मागे ताठ चालत होते. त्याने विचारलं, "बेटी को लाए हो? बेटा नहीं है?" तुम्ही एका इंजिनाची तेल मोजायची पट्टी ओढून पुसत होतात. मान वर न करता म्हणालात, "जो है, उसी से काम चलाना पड़ता है।" हिंदी मला चांगलं येत होतं, बाबा.

आता ते इंजिन बसवण्याचा शुक्रवार. तुम्ही चेन ब्लॉकवर, म्हणजे वजन उचलायच्या कप्पीवर आहात, इंजिन तिच्या साखळीला लटकतंय, आणि मी खाली वाकून ते सांगाड्यातल्या जागेवर आणते आहे. तुम्हीच सांगितलंत तसं, डाव्या हाताने कडी धरून, भोक भोकासमोर आणत. तुम्ही साखळी ओढता, इंजिन बोटभर खाली येतं. "आलं?" "थोडं डावीकडे." "आता?" "अजून थोडं." छान चाललंय. माझं मराठी छान चाललंय. मग इंजिन एकदम हलतं आणि माझं मधलं बोट कडी आणि सांगाड्याच्या नळीमध्ये जातं. मी ओरडते. "स्टॉप! माय हँड! माय हँड!" माझा आवाज पत्र्यावर आपटून परत आलेला मला ऐकू येतो. साखळी अजून दोनदा वाजते. एक. दोन. मग थांबते.

मी हे हजारदा मोजून पाहिलं आहे. माणूस साखळी ओढत असतो, हाताला वेग असतो, कानावर आलेलं हातापर्यंत पोचायला वेळ लागतो. हे सगळं मी तुमच्या बाजूने मांडलं आहे, तुम्ही मांडलं असतं त्याहून नीट. पण तुम्ही साखळी सलग ओढत नव्हतात. तुम्ही प्रत्येक ओढीला थांबून विचारत होतात. आणि त्या दोन ओढींच्या मध्ये, बाबा, तुमचा चेहरा मला दिसत होता. तो नेहमीसारखाच होता, ऐकू न आल्यासारखा.

दवाखान्यात जाताना गाडीत तुम्ही माझा हात टॉवेलमध्ये गुंडाळून वर धरायला सांगितलंत. सिग्नलला थांबल्यावर पहिलं वाक्य बोललात. "मराठीत ओरडली असतीस तर चटकन कळलं असतं." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही सिग्नलकडे पाहत होतात. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं तर तुम्ही म्हणालात, गाडीच्या दारात सापडलं. त्याने माझ्याकडे पाहून पुन्हा विचारलं, आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. मी म्हटलं, "कार डोअर." वरचं पेर वाचलं नाही. परत येताना मला हसू फुटत होतं, औषधाची गुंगी असेल, पण मला सारखं वाटत होतं की आपल्या गाडीला तर दारंच नाहीत. आईलाही तुम्ही दाराचंच सांगितलंत. आईने विश्वास ठेवला नाही. ती आठवडाभर तुमच्याशी अबोला धरून होती. पुढच्या शुक्रवारी सकाळी तुम्ही माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणालात, "एका हातानेही पुष्कळ करता येतं." आणि मी गेले. हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मी बॉयलर सूट चढवला, बँडेजवर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि गेले.

कारण गाडी मला हवी होती. तुम्ही कबूल केलं होतं की दहावीच्या शेवटच्या दिवशी तुम्ही मला तिच्यातून शाळेत सोडाल, गेटपर्यंत, सगळ्यांच्या समोर. तेवढ्या एका सकाळसाठी मी अजून सव्वा वर्ष त्या शेडमध्ये काढलं. वायरिंग मी केलं. ब्रेकच्या नळ्या मी वाकवल्या, आणि तुम्ही त्यातल्या दोन कापून टाकल्यात, कारण वाकण सुबक नव्हतं. गळत नव्हत्या, दिसायला बऱ्या नव्हत्या, एवढंच. मी पुन्हा केल्या. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दुपारी तुम्ही माझा हात धरून, तोच हात, उघड्या इंजिनाच्या झाकणावर ठेवलात आणि विचारलंत, "कळतंय?" ते सगळं धडधडणं माझ्या कोपरापर्यंत चढत होतं. मी म्हटलं, "कळतंय." इतकी सुखी मी त्याआधी कधी नव्हते, आणि नंतर फार कमी वेळा झाले. याबद्दल मी तुम्हाला माफ करू शकत नाही. बोटाबद्दल कदाचित केलंही असतं.

गाडी रंगवून झाली आणि पहिल्या फेरीला तुमचे साहेब आले. ते स्कॉटलंडचे, लालबुंद, मोठ्याने हसणारे. गाडीभोवती फिरून ते शिट्टी वाजवत होते आणि तुम्ही शेडमध्ये उभे राहून त्यांना सगळं सांगत होतात, इंग्रजीत, न अडखळता, अगदी आनंदाने. नियम त्यांना लागू नव्हता. "माय डॉटर चोझ इट," तुम्ही म्हणालात. त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि शेजारच्या सीटवर बसले, आणि तुम्ही दोघं मागच्या मोकळ्या प्लॉटवर धूळ उडवत चार चकरा मारून आलात. ती जागा माझी होती, असं मला वाटत होतं. पण शाळेचा दिवस अजून यायचा होता.

तो यायच्या आठवडाभर आधी आईने जेवताना विचारलं, गाडीला नंबर कधी मिळणार. तुम्ही आमटी वाढून घेत म्हणालात, "मिळणार नाही. घरी जोडलेली गाडी इथे रस्त्यावर आणू देत नाहीत." आई म्हणाली, "हे आधी विचारायचं नाही का?" तुम्ही म्हणालात, "विचारलं होतं ना. खोकी मागवायच्या आधीच विचारलं होतं." आईचा हात ताटातच थांबला. "मग पोरीला शाळेत सोडीन म्हणून का सांगितलंत?" मी तिथेच बसले होते, तुमच्या समोर. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, थोडंसं हसलातही, जणू माझी समजूत गृहीत धरून, आणि आईला म्हणालात, "नाहीतर हिने एवढं काम केलं असतं का?"

त्यानंतर मी शेडमध्ये गेले नाही. तुम्हीही बोलावलं नाहीत. काम संपलं होतं. गाडीवर ताडपत्री पडली आणि दर शुक्रवारी तुम्ही एकटेच जाऊन इंजिन दहा मिनिटं चालवून यायचात. मला माझ्या खोलीत ते ऐकू यायचं. मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले, पास झाले, इथेच मालवाहतुकीच्या एका कंपनीत नोकरी घेऊन परत आले, आणि चार महिन्यांत तुम्हाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. इंग्रजी, हिंदी, मराठी, सगळी. उरला एकच शब्द. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो. तुमचा होता गाडी. पाणी म्हणजे गाडी, उशी म्हणजे गाडी, आईला हाक मारायची तरी गाडी. सूर वेगवेगळा असायचा. आईला त्या सुरांवरून सगळं कळायचं. तुम्ही "गाडी" म्हणालात की ती पंखा कमी करायची आणि तुम्ही डोळे मिटायचात. मलाही आठवड्याभरात कळायला लागलं होतं.

कंपनीने घर सोडायला तीन महिने दिले होते. आई दुपारी सामान बांधायची किंवा जरा पडायची, आणि तुमच्याजवळ मी बसायची. तेव्हा तुम्ही "गाडी" म्हणालात की मी विचारायची, "काय गाडी? नीट सांगा." तुम्ही पुन्हा म्हणायचात. "असं नाही, बाबा. पूर्ण वाक्य." तुमच्या कपाळाची शीर फुगायची. डाव्या हाताने तुम्ही चादर मुठीत धरायचात. तोंडाची एक बाजू शब्द शोधत हलायची, आणि मी मासिक चाळत बसायची, चेहऱ्यावर काही उमटू न देता. शेवटी उठून उशी सारखी करायची, म्हणायची, "अच्छा, उशी. मग उशी म्हणायचं ना." आई खोलीत आली की मी चांगली मुलगी व्हायची. एकदा ती दारातच उभी होती, मला कळलं नाही. ती म्हणाली, "आता खलास झालं ना ते सगळं? माणूस अर्धा गेलाय. अजून काय हवंय तुला?" मी म्हटलं, "व्यायाम करून घेतेय. बोलल्याशिवाय बोलणं कसं येणार?" आई तुमच्या कपाळावरचा घाम पुसून गेली.

मग ती दुपार. तुम्ही म्हणालात, "गाडी." मी मासिक खाली ठेवलं. तुमच्या जवळ जाऊन, तुमच्या चांगल्या बाजूच्या कानाशी वाकून, शुद्ध, स्वच्छ मराठीत सांगितलं, "गाडी गेली, बाबा. भंगारात दिली. काल येऊन त्यांनी ती कापली आणि तुकडे करून नेली." तुम्हाला भाषा बोलता येत नव्हती, कळत मात्र सगळं होतं. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. मी नजर काढली नाही. मग तुम्ही मान भिंतीकडे वळवलीत. त्यानंतर तुम्ही तो शब्द उच्चारला नाहीत. आईला वाटलं दुसरा झटका आला. तिने डॉक्टरला बोलावलं, तो म्हणाला नवीन काही नाही. अकरा दिवस तुम्ही कशासाठीच आवाज काढला नाहीत, आणि बाराव्या दिवशी सकाळी गेलात. तुम्हाला नाशिकला नेलं. सगळे म्हणत होते, पोरीने बापाची किती सेवा केली.

घर रिकामं करायला मी एकटीच परत आले. भंगारवाल्या पठाणाला मीच फोन केला. तो ट्रक घेऊन आला, ताडपत्री काढून कितीतरी वेळ पाहत राहिला. त्याचंच इंजिन होतं, त्याने ओळखलं. म्हणाला, "इतनी अच्छी बनी है। काटने को दिल नहीं करता। बाप को पता है?" मी म्हटलं, "हाँ। उनको बता दिया है।" त्याने मान हलवली आणि माणसांना कटर लावायला सांगितलं. मी शेवटपर्यंत उभी होते.

हे पत्र कुठे पाठवायचं असा प्रश्नच नाही. आई नाशिकला आहे, तिला ते दाखवणार नाही. तिने एवढ्या वर्षांत त्या दुपारबद्दल विचारलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगते. मी ते सांगितलं तेव्हा गाडी तुमच्या खिडकीपासून वीस पावलांवर, ताडपत्रीखाली, आख्खी उभी होती. आणि तुम्ही गाडीचं विचारतच नव्हतात. तुमचे ओठ सुकून पांढरे झाले होते आणि तुम्ही टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत होतात. ते मला लगेच कळलं होतं.